दहा पौंडांचं पोलाद आणि दहा सेंटचं नाणं

गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा सांगलीहून पहिल्यांदाच आमच्याकडे कनेक्टिकटला आले. बाबांच्या डाव्या पायात कॅलिपर आहे. तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला, तेव्हापासूनची त्यांची ही सोबत. येऊन तीन आठवडे झाले असतील नसतील, तोच कॅलिपरचं गुडघ्याजवळचं लॉक तुटलं. अर्धा दिवस सुट्टी टाकून मी त्यांना एका क्लिनिकमध्ये घेऊन गेलो. तिथल्या माणसाने कॅलिपर उलटसुलट करून पाहिला, दुसऱ्याने केलेलं काम आम्ही दुरुस्त करत नाही, नवीनच करावा लागेल, असं सांगितलं आणि खर्चाचा अंदाज हातात ठेवला. साडेचार हजार डॉलर. प्रवास विम्याच्या कंपनीला फोन केला तर पोलिओ हा आधीपासूनचा आजार, त्यामुळे एक पैसाही मिळणार नाही, असं उत्तर मिळालं. मी तो आकडा बाबांना रुपयांत करून सांगितला, ही माझी चूक. ते जे गप्प झाले ते रात्रीपर्यंत.

शेवटी शेजारच्या एका निवृत्त गृहस्थांनी त्यांच्या गॅरेजमध्ये बसून लोखंडी पट्टी आणि दोन बोल्ट लावून तात्पुरतं काम भागवलं. बाबा समोर बसून त्यांना खुणांनी मार्गदर्शन करत होते. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण पाना आणि बोल्ट दोघांनाही कळत होते.

पुढच्या रविवारी कुठेतरी जाऊन येऊ म्हणून आम्ही हाईड पार्कला गेलो. आमच्या घरापासून दोन तासांच्या आत, न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या काठावर फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं घर आहे. स्प्रिंगवुड त्याचं नाव. मला वाटलं होतं, छान बाग आहे, नदी दिसते, आईला आवडेल. प्रत्यक्षात तिथे सगळ्यात जास्त रमले ते बाबा. रूझवेल्ट यांची चाकाची खुर्ची, दोराने ओढायची लिफ्ट आणि संग्रहालयातली हाताने चालवायची मोटार, या तीन गोष्टींसमोरून ते हलेचनात. घरी आल्यावर मी रूझवेल्ट यांच्याबद्दल मिळेल ते वाचायला लागलो. शाळेत आपण त्यांना महामंदी आणि दुसरं महायुद्ध या दोन धड्यांत भेटतो. पण त्यांच्या आयुष्यात तिसरा एक धडा आहे आणि तो खर्चाचा आहे. अपंगत्वाचा खर्च कोणी भरायचा, हा तो प्रश्न. आज तोच सांगावासा वाटतो.

रूझवेल्ट यांचा जन्म ३० जानेवारी १८८२ रोजी याच घरात झाला. वडील जेम्स जमीनदार आणि उद्योगांत पैसे गुंतवणारे, आई सारा डेलानो त्यांच्याहून श्रीमंत घरातली. आईचा हा एकुलता एक मुलगा. ग्रॉटनची शाळा, हार्वर्ड, मग कोलंबियात कायद्याचं शिक्षण. १९०५ मध्ये दूरच्या नात्यातल्या एलिनॉरशी लग्न झालं. एलिनॉर ही तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची पुतणी. १९१० मध्ये फ्रँकलिन राज्याच्या सिनेटवर निवडून आले, १९१३ पासून सात वर्षं नौदल खात्याचे सहायक सचिव होते आणि १९२० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाकडून उपाध्यक्षपदाची निवडणूक लढून हरले. हरले तरी नाव झालं. उंच, देखणा, पोहणारा, शिडाची होडी चालवणारा माणूस. सगळं सुरळीत चाललं होतं.

ऑगस्ट १९२१ मध्ये ते कुटुंबासह कॅनडाच्या हद्दीतल्या कँपोबेलो बेटावर सुट्टीला गेले. १० तारखेला दिवसभर होडी चालवली, वाटेत रानात लागलेली आग विझवली, थंडगार पाण्यात पोहले. संध्याकाळी अंगात कणकण वाटली म्हणून लवकर झोपले. दुसऱ्या दिवशी एक पाय साथ देईना, तिसऱ्या दिवशी दोन्ही. वय ३९.

पहिल्या डॉक्टरांना हे साधं सर्दीचं दुखणं वाटलं. मग जवळच सुट्टीसाठी आलेले एक नामांकित वृद्ध सर्जन, विल्यम कीन, यांना बोलावलं. त्यांनी मणक्यातल्या मज्जारज्जूत रक्ताची गाठ असल्याचं सांगितलं आणि पाय जोरात चोळायला लावले. एलिनॉर आणि रूझवेल्ट यांचे जुने सहकारी लुई हाऊ रात्रंदिवस पाय चोळत राहिले. ते निदान चुकीचं होतं आणि चोळण्याने उलट त्रासच झाला. कीन यांचं बिल आलं ६०० डॉलर, १९२१ चे ६०० डॉलर! शेवटी २५ ऑगस्टला बॉस्टनहून आलेले डॉ. रॉबर्ट लव्हेट यांनी पोलिओ असल्याचं निदान केलं. (तो पोलिओच होता का, यावर अलीकडच्या काही संशोधकांनी शंका घेतली आहे. रूझवेल्ट मात्र आयुष्यभर पोलिओचा रुग्ण म्हणूनच जगले.) सप्टेंबरमध्ये खास डब्यातून त्यांना न्यूयॉर्कला आणलं आणि पुढे काही आठवडे ते रुग्णालयात होते.

इथे मी जरा थांबलो. चुकीच्या निदानाचं ६०० डॉलरचं बिल जिथे सहज भरलं गेलं, त्या घरातल्या माणसाची ही गोष्ट आहे. त्याच काळात हाच आजार एखाद्या गिरणी कामगाराच्या किंवा जॉर्जियातल्या कुळाच्या घरात शिरला की काय होत असेल? आमच्या घरात काय झालं ते मला ठाऊक आहे. वाढत्या मुलाला दर दीड-दोन वर्षांनी नवा कॅलिपर लागतो. पाय वाढतो, लोखंड वाढत नाही. आजोबांनी पहिल्या कॅलिपरसाठी भिशीचा हप्ता उचलला, दुसऱ्यासाठी आजीच्या पाटल्या गहाण पडल्या. तिसरा वेळेवर झालाच नाही. लहान झालेला कॅलिपर बाबांनी चौथी-पाचवीत वर्षभर ओढला. पाठीचा बाक आहे तो तेव्हाचा.

रूझवेल्ट यांच्याकडे पैसा होता, वेळ होता आणि जिद्द तर होतीच. मुलाने आता हाईड पार्कला येऊन शांत आयुष्य जगावं, असं आईला वाटत होतं. एलिनॉर आणि हाऊ यांचं म्हणणं उलट, त्यांनी राजकारण सोडू नये. त्यांनी दुसरं ऐकलं. कमरेपासून पावलांपर्यंत पोलादी कॅलिपर, दोन्ही पायांचे मिळून सुमारे दहा पौंड. काखेत कुबड्या. घरापासून हमरस्त्यापर्यंतची वाट कुबड्यांवर पार करायची, असं त्यांनी स्वतःलाच ठरवून दिलं होतं. रोज घामाघूम होईपर्यंत चालायचे, पण ते टोक काही गाठता आलं नाही. तेव्हाच्या व्हीलचेअर अवजड आणि ओबडधोबड असत, म्हणून त्यांनी साध्या बिनहाताच्या खुर्चीला चाकं लावून घेतली. घरातली सामानाची लिफ्ट ते स्वतः दोर ओढून वर-खाली करत. हातांना ताकद यावी आणि कोणाच्या खांद्यावर बसून जिना चढायची वेळ येऊ नये, हा हेतू. फ्लोरिडात होडीवर राहून ऊन घेतलं, मसाज घेतले, कोणी काही नवा उपाय सांगितला की तोही करून पाहिला.

१९२४ च्या ऑक्टोबरमध्ये ते जॉर्जिया राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्ज नावाच्या गावी पोचले. तिथे जमिनीतून साधारण ३१ अंश सेल्सिअस तापमानाचं, खनिजयुक्त पाणी येतं. पोलिओ झालेल्या एका तरुणाला या पाण्यात पोहून फायदा झाल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. रिसॉर्टची पार दुरवस्था झाली होती, पण पाण्यात उतरल्यावर शरीर हलकं झालं. तीन वर्षांत पहिल्यांदा पाय थोडे हलले. एका बातमीदाराने त्यांच्यावर लेख लिहिला, तो देशभरच्या वर्तमानपत्रांत छापून आला.

आणि मग जे झालं त्याची कोणालाच कल्पना नव्हती. १९२५ च्या वसंतात लेख वाचलेले पोलिओचे रुग्ण न विचारता, न कळवता वॉर्म स्प्रिंग्जला यायला लागले. कोणी स्ट्रेचरवर, तर कोणी रेल्वेच्या सामानाच्या डब्यातून. राहायला जागा नाही, डॉक्टर नाही, खिशात पैसे नाहीत. हॉटेलातल्या धडधाकट पाहुण्यांनी तक्रार केली, आम्ही या लोकांच्या पंक्तीला बसणार नाही, त्यांच्या तळ्यात उतरणार नाही. रूझवेल्ट यांनी त्यांच्यासाठी वेगळं जेवणघर आणि वेगळा तलाव करवून घेतला. पाण्यात उतरून ते स्वतः एकेकाला व्यायाम शिकवत. कुठला स्नायू कसा हलवायचा, हे ते कुठल्याही डॉक्टरइतकं जाणून होते. लोक त्यांना गमतीने डॉक्टर रूझवेल्ट म्हणत.

मला वाटतं, याच काळात हा माणूस बदलला. तोपर्यंत पोलिओ म्हणजे त्यांची स्वतःची लढाई होती. आता पोलिओ अधिक गरिबी म्हणजे काय, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. हाताने ब्रेक आणि क्लच दाबता येईल अशी मोटार त्यांनी करून घेतली आणि आसपासच्या खेड्यांतून ते एकटे फिरू लागले. शेतकऱ्यांच्या अंगणात गाडी थांबवून पिकाचा भाव विचारत. वॉर्म स्प्रिंग्जला विजेचा दर हाईड पार्कच्या चौपट आहे, हे स्वतःच्या बिलावरून त्यांच्या लक्षात आलं. खेडोपाडी वीज नेण्याच्या पुढच्या योजनेची सुरुवात ते स्वतःच या बिलापासून सांगत.

१९२६ मध्ये त्यांनी सुमारे दोन लाख डॉलर देऊन वॉर्म स्प्रिंग्ज विकत घेतलं. त्यांच्या मालमत्तेचा हा जवळजवळ दोन तृतीयांश भाग होता. एलिनॉर घाबरल्या. पाच मुलांची शिक्षणं व्हायची होती. वकिलीतले भागीदार बेसिल ओ'कॉनर यांनाही हा वेडेपणा वाटला. पुढच्या वर्षी रूझवेल्ट यांनी ना नफा तत्त्वावरची संस्था काढली. ज्यांना परवडेल त्यांनी फी भरायची, ज्यांना परवडणार नाही त्यांच्यासाठी देणग्यांतून वेगळा निधी. ऐकायला सोपं, पण हिशेब कधीच जुळला नाही. फी देऊ शकणारे थोडे आणि न देऊ शकणारे दारात उभे. १९२८ मध्ये पक्षाने न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदासाठी गळ घातली, तेव्हा नाही म्हणण्याचं एक मोठं कारण वॉर्म स्प्रिंग्जवरचं कर्ज हेच होतं. त्या कर्जाची काळजी मी घेतो, असा शब्द पक्षाचे धनिक नेते जॉन रास्कोब यांनी दिला आणि रूझवेल्ट निवडणुकीला उभे राहिले. निवडून आले आणि चार वर्षांनी राष्ट्राध्यक्ष झाले.

मधल्या काळात १९२९ चा शेअर बाजार कोसळला होता. देणग्या आटल्या. मग एक भन्नाट कल्पना निघाली. ३० जानेवारी १९३४ ला राष्ट्राध्यक्षांच्या वाढदिवशी गावोगावी नाच-गाण्याचे कार्यक्रम करायचे आणि तिकिटांचा पैसा वॉर्म स्प्रिंग्जला द्यायचा. एका रात्रीत दहा लाख डॉलरहून जास्त रक्कम जमली, तीही ऐन मंदीत. पण लगेच प्रश्न आला. पैसा गावोगावचा, रुग्णही गावोगावचे, मग सगळा पैसा जॉर्जियातल्या एकाच ठिकाणी का? पुढच्या वर्षीपासून मोठा हिस्सा त्या-त्या गावातल्या रुग्णांसाठी राहू लागला. आणि जानेवारी १९३८ मध्ये रूझवेल्ट यांनी पोलिओसाठी राष्ट्रीय प्रतिष्ठान स्थापन केलं. प्रमुख कोण, तर तेच बेसिल ओ'कॉनर, ज्यांना हा वेडेपणा वाटला होता.

विनोदी कलाकार एडी कँटर यांनी रेडिओवरून लोकांना आवाहन केलं, प्रत्येकाने एकेक डाइम, म्हणजे दहा सेंटचं नाणं, थेट व्हाइट हाऊसला पाठवा. मार्च ऑफ डाइम्स हे नाव त्यांचंच. पहिले दोन दिवस फारसं काही आलं नाही. मग टपालाच्या पोत्यांचा असा पूर आला की राष्ट्राध्यक्षांचं नेहमीचं टपाल त्यात शोधावं लागलं. लहान मुलांनी पुठ्ठ्याला चिकटवून, पाकिटात गुंडाळून लाखो नाणी पाठवली होती.

या पैशाने काय झालं, ते नीट समजून घ्यायला हवं. त्या काळात श्वासाचे स्नायू निकामी झालेल्या रुग्णाला आयर्न लंग नावाच्या यंत्रात ठेवावं लागे. १९३० च्या दशकात त्या यंत्राची किंमत सुमारे १५०० डॉलर होती, म्हणजे तेव्हाच्या एका साध्या घराएवढी. वर रुग्णालयाचं भाडं, परिचारिका, शस्त्रक्रिया, कॅलिपर, कुबड्या. आरोग्य विमा फार थोड्यांकडे होता. प्रतिष्ठानाच्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या शाखा ही बिलं भरत. ज्या घराला झेपत नाही त्याचं बिल आम्ही भरू, वय, वंश, धर्म बघणार नाही, हे त्यांचं धोरण होतं. १९३८ पासून १९५५ पर्यंत रुग्णांच्या उपचारांवर २३ कोटी ३० लाख डॉलर खर्च झाले आणि देशातल्या ८० टक्क्यांहून जास्त पोलिओ रुग्णांना या ना त्या स्वरूपात मदत मिळाली. याच पैशातून डॉ. जोनास साल्क यांचं संशोधन झालं आणि लस आली.

इथवर वाचून मला वाटलं होतं की लेख इथेच संपवावा. पण बाबांनी एक प्रश्न विचारला आणि पुढचं वाचावं लागलं. ज्याला पोलिओ नाही, पण अपघातात पाय गेला किंवा जन्मतःच हात नाही, त्याचं बिल कोण भरायचं?

उत्तर असं की कोणीच नाही. धर्मादाय संस्था, नातेवाईक, नाहीतर देव. पोलिओला राष्ट्राध्यक्षांचा चेहरा मिळाला होता, बाकीच्या अपंगत्वांना नाही. आणि पोलिओतही सगळे सारखे नव्हते. वॉर्म स्प्रिंग्जमध्ये कृष्णवर्णीय रुग्णांना प्रवेश नव्हता. ते तिथे स्वयंपाक करत, पाणी भरत, रुग्णांना उचलून नेत, पण उपचारासाठी त्यांच्या मुलांना दार बंद. यावर टीका वाढली तेव्हा प्रतिष्ठानाने पैसे दिले आणि १९४१ मध्ये अलाबामातल्या टस्कीगी इथे त्यांच्यासाठी वेगळं केंद्र उघडलं. चांगलं केंद्र होतं, पण वेगळं.

खरं मोठं उत्तर सरकारच्या हातात होतं आणि ती संधी १९३५ मध्ये आली होती. सोशल सिक्युरिटीचा कायदा तयार करायला रूझवेल्ट यांनी आदल्या वर्षी समिती नेमली, अध्यक्ष मजूरमंत्री फ्रान्सिस पर्किन्स. वृद्धांना पेन्शन, बेकारांना भत्ता आणि आरोग्य विमाही, असा विचार सुरू झाला. आरोग्य विम्याचं नाव निघताच डॉक्टरांच्या संघटनेने विरोधाचा धडाका लावला. हा एक मुद्दा ठेवला तर अख्खा कायदा बुडेल, असं रूझवेल्ट यांचं गणित झालं आणि आरोग्य विमा वगळला गेला. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर पहिल्या रिलीजमधून ते फीचर काढलं आणि बॅकलॉगमध्ये टाकलं. बॅकलॉगमध्ये गेलेल्या कामाचं काय होतं, ते आमच्यातल्या कुणालाही विचारा.

१४ ऑगस्ट १९३५ ला कायदा झाला. त्यात अपंग मुलांच्या उपचारांसाठी राज्यांना वर्षाला २८ लाख ५० हजार डॉलर आणि अंध व्यक्तींसाठी मदत होती. याचं श्रेय द्यायलाच हवं. केंद्र सरकार अपंग मुलांचा खर्च उचलतंय, ही गोष्टच नवी होती. पण मुलं मोठी झाली की पुढे काय? अंध सोडून बाकीच्या प्रौढ अपंगांसाठी त्यात थेट आर्थिक मदत नव्हती. त्यांच्यासाठी विम्याचा कायदा व्हायला १९५६ उजाडलं.

त्याच १९३५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये एक घटना घडली. मंदीत बेकारांना सरकारी कामं मिळत होती, पण अपंग उमेदवारांच्या कागदांवर शारीरिकदृष्ट्या अपंग असल्याच्या खुणेची अक्षरं मारून त्यांना परत पाठवलं जाई. पोलिओ झालेले, पाय गमावलेले काही तरुण-तरुणी मदत कार्यालयात ठिय्या देऊन बसले. त्यांना दयेचा पैसा नको होता, काम हवं होतं. पुढच्या वर्षी ते वॉशिंग्टनला जाऊन तिथल्याही कार्यालयात बसले. बऱ्याच लोकांना त्यातून कामं मिळाली. विचार करा, देशाचा राष्ट्राध्यक्ष स्वतः चाकाच्या खुर्चीवर आणि त्याच्याच योजनेतून कॅलिपरवाल्यांना वगळलं जातंय!

रूझवेल्ट यांना हे दिसत नव्हतं का? मला वाटतं, दिसत होतं, पण त्यांनी स्वतःचं अपंगत्वही लोकांच्या नजरेआड ठेवलं होतं. भाषणाला जाताना मुलाचा दंड घट्ट धरून, कंबर झुलवत ते चार पावलं टाकत, की लोकांना वाटावं चालताहेत. छायाचित्रकारांनी खुर्चीतला फोटो काढायचा नाही, हा अलिखित नियम होता. तसे फोटो आजही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. मतदार कमजोर समजतील ही भीती. त्या काळात ती खोटीही नव्हती. वॉर्म स्प्रिंग्जमध्ये मात्र ते सर्वांसमोर तलावात उतरत, बारीक झालेले पाय झाकत नसत. फक्त त्या एका गावात त्यांना लपवावं लागत नव्हतं.

चार वेळा ते निवडून आले. महायुद्ध जिंकत आणलं. चुकाही मोठ्या झाल्या, जपानी वंशाच्या अमेरिकनांना छावण्यांत डांबलं ही त्यातली सगळ्यात मोठी. जानेवारी १९४४ मध्ये त्यांनी देशासमोर नागरिकांच्या आर्थिक हक्कांची एक यादी मांडली. त्यात योग्य वैद्यकीय उपचारांचा हक्क होता. नऊ वर्षांपूर्वी बाजूला ठेवलेली गोष्ट त्यांनी पुन्हा टेबलावर ठेवली, पण तोवर रक्तदाबाने शरीर पोखरलं होतं. १ मार्च १९४५ ला याल्टाहून परतल्यावर काँग्रेससमोर ते पहिल्यांदाच बसून बोलले आणि पायांवर दहा पौंडांचं पोलाद असल्यामुळे बसण्याबद्दल माफी मागितली. जे चोवीस वर्षं झाकलं ते एका वाक्यात उघड सांगून टाकलं. सहा आठवड्यांनी, १२ एप्रिलला, वॉर्म स्प्रिंग्जमधल्या छोट्या घरात मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. वय ६३.

पुढच्या ३० जानेवारीला, १९४६ मध्ये, त्यांचा चेहरा असलेलं दहा सेंटचं नाणं निघालं. ते आजही आपल्या खिशात असतं. बरोबर दहा वर्षांनी, १२ एप्रिल १९५५ ला, साल्क यांची लस यशस्वी झाल्याची घोषणा झाली. पोलिओ संपत आला आणि १९५८ मध्ये प्रतिष्ठानाने आपलं लक्ष जन्मजात व्यंगांकडे वळवलं. ज्यांना आधीच पोलिओ झाला होता त्यांचे कॅलिपर मात्र झिजतच होते.

बॅकलॉगमधलं ते काम १९६५ मध्ये अर्धंमुर्धं निघालं. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ३० जुलैला मेडिकेअर आणि मेडिकेडच्या कायद्यावर सही केली. १९७२ मध्ये अपंगांसाठी सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम आलं आणि काम न करू शकणाऱ्यांना मेडिकेअरही, पण अपंगत्वाची रक्कम सुरू झाल्यावर दोन वर्षं थांबून. आजही गरीब अपंगाला सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम हवं असेल, तर राहतं घर, एक गाडी अशा काही गोष्टी सोडून त्याच्याकडे दोन हजार डॉलरपेक्षा जास्त शिल्लक असता कामा नये. ही मर्यादा १९८९ पासून तशीच आहे. बहुतेक राज्यांत या मदतीबरोबरच मेडिकेड मिळतं, त्यामुळे लोक बचत करायला घाबरतात. नवी व्हीलचेअर घ्यायला पैसे साठवले तर उपचार जायचे. अपंगत्व लवकर आलेल्यांना एबल नावाच्या खात्यात पैसे वेगळे ठेवायची सोय आता आहे, पण ती माहीत असलेले कमी. आमच्या कॉलनीत एक बाई व्हीलचेअर वापरतात. मागच्या वर्षी त्यांनी पगारवाढ नको म्हणून लेखी दिलं. मला तेव्हा ते विचित्र वाटलं होतं. आता वाटत नाही.

हाईड पार्कहून परत येताना गाडीत बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले की रूझवेल्ट मोठा माणूस, यात वाद नाही. पण त्याच्याकडे मोटार होती तेव्हा ती हाताची करून घेता आली. आम्हाला स्कूटरला मागे दोन चाकं लावून घ्यायला नोकरी लागेपर्यंत थांबावं लागलं. जिद्द दोघांची सारखीच धर, फरक फक्त बिल कोण भरतो एवढाच. मी गाडी चालवत होतो, काही बोललो नाही.

वाचकांना एक सांगतो. आई-वडिलांपैकी कोणी कॅलिपर, कृत्रिम पाय, श्रवणयंत्र वापरत असेल तर इकडे आणताना जुना का होईना, जादा नग बरोबर घ्या. प्रवास विमा घेताना आधीपासूनच्या आजारांबद्दल काय लिहिलंय ते एकेक ओळ वाचा. ग्रीन कार्डवर आणणार असाल तर हेही लक्षात ठेवा की मेडिकेडसाठी साधारणपणे पाच वर्षं थांबावं लागतं. मी हे सगळं नंतर शिकलो.

बाबा सप्टेंबरमध्ये परत गेले. जाताना रूझवेल्टचं एक नाणं मागून घेतलं, पाकिटात ठेवलंय. पोचल्यावर चौथ्या दिवशी मिरजेला जाऊन कॅलिपर नीट करून आणला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर दोन फोटो पाठवले. एक नव्या लॉकचा आणि दुसरा बिलाचा. सातशे पन्नास रुपये.